विद्युत् हृल्लेखातील व्यक्तिभेद

हृदयाच्या स्नायूत प्रत्येक ठोक्याबरोबर होणाऱ्या सूक्ष्म विद्युत् बदलांची शरीराच्या पृष्ठभागावरून घेतलेली आलेखरूप नोंद म्हणजे विद्युत् हृल्लेख होय. व्यवहारात तो ‘ईसीजी’ किंवा ‘कार्डिओग्राम’ या नावाने परिचित आहे. हृदयविकाराचे कोणतेही लक्षण नसलेल्या दोन व्यक्तींचे हृल्लेखही तंतोतंत सारखे नसतात. हृद्‌गती, तरंगांची उंची व आकार आणि तरंगांमधील कालांतरे यांत व्यक्तीगणिक फरक आढळतो. या फरकांची कारणे स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत : एक, माता-पित्यांकडून आलेले आनुवंशिक घटक आणि दोन, वय, लिंग, शरीराची ठेवण, रक्तातील लवणे, अन्य रोग व औषधे यांसारखे शारीरिक व वैद्यकीय घटक. हे दोन्ही प्रकारचे घटक एकाच वेळी कार्य करतात आणि आलेखावर केवळ त्यांची बेरीज उमटते. म्हणूनच एकच आकडा एका व्यक्तीत निरुपद्रवी, तर दुसरीत गंभीर धोक्याची सूचना ठरू शकतो. ही बेरीज कशी होते आणि तिच्यातील घटक कसे वेगळे ओळखावयाचे, हा आधुनिक हृद्‌रोगविज्ञानातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

तरंग व कालांतरे : हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) भिंतीत असलेल्या कोटर-अलिंद गाठीत विद्युत् आवेग उत्पन्न होतो. तो दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंद-निलय गाठीत क्षणभर मंदावतो आणि नंतर हिस जुडगा, त्याच्या उजव्या व डाव्या शाखा आणि पुरकिंये तंतू यांमार्गे निलयांत (खालच्या कप्प्यांत) अतिशय जलद पोहोचतो. आलेखावरील पहिला लहान तरंग ‘पी’ हा अलिंदांच्या उद्दीपनाचा, ‘क्यूआरएस’ हा टोकदार तरंगसमूह निलयांच्या उद्दीपनाचा आणि ‘टी’ हा गोलसर तरंग निलयांचा स्नायू पुन्हा विश्रांत विद्युत् स्थितीत येण्याचा, म्हणजे पुनर्ध्रुवणाचा, निदर्शक असतो.

आलेखाचा कागद सामान्यतः सेकंदाला २५ मिमी. वेगाने सरकतो. त्यामुळे कागदावरील १ मिमी.चा लहान चौकोन ४० मिलिसेकंद (१ मिलिसेकंद = सेकंदाचा हजारावा भाग) दर्शवितो, तर १० मिमी. उंची १ मिलिव्होल्ट इतका विद्युत् दाब दर्शविते. प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी हृद्‌गती मिनिटास ६० ते १०० असते. पी तरंगाच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे ‘पी-आर’ अंतर १२० ते २०० मिलिसेकंद असते. क्यूआरएसचा कालावधी १२० मिलिसेकंदांहून कमी असतो. क्यूआरएसच्या आरंभापासून टी तरंगाच्या अखेरीपर्यंतच्या ‘क्यू-टी’ अंतरावरून निलयांना उद्दीपित होऊन पुन्हा पूर्वस्थितीत येण्यास लागणारा एकूण वेळ कळतो.

क्यू-टी अंतर हृद्‌गतीनुसार बदलते. गती वाढली की ते आखूड होते, म्हणून तुलनेसाठी ते गतीनुरूप दुरुस्त करावे लागते. १९२० मध्ये हेन्री बॅझेट यांनी क्यू-टी अंतरास दोन ठोक्यांमधील सेकंदांत मोजलेल्या कालावधीच्या वर्गमुळाने भागावे, असे सूत्र मांडले. त्याच वर्षी एल्. एस्. फ्रिडेरिसिया यांनी वर्गमुळाऐवजी घनमूळ घेण्याचे सुचविले. गती मिनिटास ६० असेल, तर दोन्ही सूत्रांचे उत्तर एकच येते. गती वाढली, की ती दुरावतात. उदा., गती मिनिटास १०० आणि मोजलेले अंतर ३६० मिलिसेकंद असल्यास बॅझेट यांच्या सूत्राने दुरुस्त अंतर सु. ४६५, तर फ्रिडेरिसिया यांच्या सूत्राने सु. ४२७ मिलिसेकंद येते. पुरुषांत ४५० व स्त्रियांत ४६० मिलिसेकंद आणि त्यांहून अधिक अंतर दीर्घ समजण्याचा संकेत आहे. म्हणजे एकच आलेख एका सूत्राने विकृत, तर दुसऱ्याने प्राकृत ठरतो. मर्यादेच्या आकड्याला भिंतीसारखे अभेद्य मानू नये, हे एवढ्यावरूनही स्पष्ट होते.

ऐतिहासिक आढावा : मानवी हृदयाच्या विद्युत् क्रियेची शरीराच्या पृष्ठभागावरून पहिली नोंद ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडन येथे केशिका विद्युत्‌मापकाच्या साहाय्याने घेतली. नेदर्लंड्‌समधील लायडन येथील शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम आइंटहोव्हेन यांनी तरंगांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तार-गॅल्व्हानोमीटर हे संवेदनशील उपकरण वापरून अचूक हृल्लेख मिळविले. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आवेगाच्या मार्गाची शरीररचनाही याच सुमारास उलगडली. जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये अलिंद-निलय गाठीचे आणि आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये कोटर-अलिंद गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले.

आरंभीची अनेक दशके हृल्लेखाचा उपयोग मुख्यतः रुग्णांपुरता होता. निरोगी माणसाच्या आलेखात किती विविधता असते, हे जाणण्यासाठी रुग्णालयाबाहेरील समाजाचाच अभ्यास करणे आवश्यक होते. असा अभ्यास अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झाला. त्यात ५,२०९ प्रौढ स्त्री-पुरुषांची ठराविक काळाने तपासणी होऊ लागली आणि तीत हृल्लेखाचाही समावेश होता. १९७१ मध्ये या व्यक्तींची अपत्ये व अपत्यांचे जोडीदार आणि २००२ पासून तिसरी पिढी अभ्यासात घेण्यात आली. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांची माहिती हाती आल्याने आलेखातील कोणता फरक वारशाने येतो, हा प्रश्न संख्याशास्त्रीय रीत्या सोडविणे शक्य झाले.

आनुवंशिक घटक : हृत्‌स्नायूच्या प्रत्येक कोशिकेच्या (पेशीच्या) आवरणात सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांच्या विद्युत् भारित कणांना (आयनांना) आत-बाहेर जाऊ देणारे प्रथिनांचे सूक्ष्म मार्ग असतात. सोडियमाचा जलद आगम उद्दीपनास, तर पोटॅशियमाचा निर्गम पुनर्ध्रुवणास कारणीभूत होतो. ही प्रथिने घडविण्याच्या सूचना जीनांत (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या गुणसूत्रातील घटकांत) असतात. साहजिकच जीनांतील फरकाने मार्गांची संख्या वा कार्यक्षमता बदलली, तर त्याचा ठसा आलेखावर उमटतो.

(१) विरळ व प्रबळ जीनदोष : १९५७ मध्ये नॉर्वेतील आंटोन येर्व्हेल व फ्रेड लांग-निल्सन यांनी एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील सहा भावंडांपैकी चार जन्मतः बहिरी होती, त्यांचे क्यू-टी अंतर दीर्घ होते, त्यांना वारंवार मूर्च्छा येत असे आणि त्यांपैकी तिघे बालपणीच अकस्मात मरण पावली. बहिरेपणा नसलेल्या पण अन्यथा अशाच कुटुंबांचे वर्णन इटलीत चेझारे रोमानो यांनी १९६३ मध्ये आणि आयर्लंडमध्ये ओकॉनर वॉर्ड यांनी १९६४ मध्ये केले. या विकारास ‘दीर्घ क्यू-टी लक्षणसमूह’ म्हणतात. १९९५ व १९९६ या दोन वर्षांत त्याच्याशी निगडित तीन प्रमुख जीन सापडले : पोटॅशियम मार्गांचे केसीएनएच२ व केसीएनक्यू१ आणि सोडियम मार्गाचा एससीएन५ए. सु. २,००० व्यक्तींमागे एकीत हा विकार असतो, असा अंदाज आहे.

१९९२ मध्ये पेद्रो व जोसेप ब्रुगादा या बंधूंनी आणखी एका लक्षणसमूहाचे आठ रुग्ण नोंदविले. त्यात छातीच्या उजव्या बाजूकडील नोंदींत क्यूआरएसनंतरचा भाग विशिष्ट रीत्या उचललेला दिसतो आणि निलय तंतुकंपनाने, विशेषतः झोपेत, अकस्मात मृत्यू येण्याचा धोका असतो. थायलंड व फिलिपीन्स येथे तरुण पुरुषांच्या झोपेतील अकल्पित मृत्यूंना लोकभाषांत पूर्वापार स्वतंत्र नावे होती. त्यांपैकी बऱ्याच मृत्यूंमागे हाच विकार असावा, असे आता मानले जाते. त्याचा एससीएन५ए जीनाशी असलेला संबंध १९९८ मध्ये दाखविण्यात आला. या जीनातील दोषाने सोडियमाचा प्रवाह प्रमाणाबाहेर टिकून राहिला, तर क्यू-टी अंतर लांबते. प्रवाह क्षीण झाला, तर ब्रुगादा लक्षणसमूह किंवा आवेगवहनातील मंदत्व उद्भवते. एकाच जीनातील निरनिराळे बदल परस्परांहून इतके भिन्न परिणाम घडवितात.

(२) सामान्य व अल्पप्रभावी जीनभेद : बहुसंख्य लोकांत वरीलसारखा प्रबळ दोष नसतो, तरीही त्यांची कालांतरे कुटुंबागणिक सारखी राहण्याकडे कल दिसतो. जुळी भावंडे व कुटुंबे यांच्या अभ्यासांवरून क्यू-टी अंतरातील एकूण विविधतेपैकी सु. एक-चतुर्थांश ते निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे आढळले आहे. फ्रेमिंगहॅम येथील कुटुंबांत क्यू-टी व पी-आर या दोन्ही अंतरांसाठी हे प्रमाण सु. एक-तृतीयांश आले. हे प्रमाण समाजातील विविधतेविषयी आहे, एखाद्या व्यक्तीविषयी नव्हे, हे लक्षात ठेवावयास हवे. अमुक माणसाच्या क्यू-टी अंतरापैकी तिसरा हिस्सा वारशाचा, असा त्याचा अर्थ होत नाही.

हा वारसा कोणत्या जीनांतून येतो, हे एकविसाव्या शतकात समजू लागले. हजारो व्यक्तींच्या गुणसूत्रांवरील लक्षावधी ठिकाणे तपासून कोणत्या ठिकाणचा फरक आलेखातील फरकाबरोबर आढळतो, हे पाहण्याची पद्धत त्यासाठी उपयोगी पडली. २००६ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग परिसरातील रहिवाशांच्या अभ्यासातून एनओएस१एपी या जीनाचा क्यू-टी अंतराशी संबंध उघडकीस आला व फ्रेमिंगहॅम येथील व्यक्तींतही त्याची पुष्टी झाली. हा जीन तोपर्यंत तंत्रिका कोशिकांच्या संदर्भात परिचित होता. हृदयाच्या विद्युत् क्रियेशी त्याचा संबंध असेल, अशी कल्पना नव्हती. यूरोपीय वंशाच्या सु. ६० टक्के लोकांत क्यू-टी अंतर बदलविणाऱ्या या भेदाची किमान एक प्रत असते. मात्र एकूण विविधतेपैकी केवळ सु. दीड टक्क्याचा उलगडा त्याने होतो. २०१४ मध्ये अशा ३५ जनुकीय स्थानांची नोंद झाली आणि ती सर्व मिळून ८ ते १० टक्के विविधता स्पष्ट करतात, असे दिसले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सु. अडीच लाख व्यक्तींच्या अभ्यासात स्थानांची संख्या शंभरावर गेली. पी-आर अंतराबाबत २०२० मध्ये २,९३,०५१ व्यक्तींच्या एकत्रित अभ्यासातून २०२ स्थाने निश्चित करण्यात आली. थोडक्यात, सामान्य माणसाच्या हृल्लेखाचा आनुवंशिक पाया एखाद्या बलवान घटकाचा नसून शेकडो दुर्बल घटकांच्या बेरजेचा असतो. उंचीचा वारसाही याच स्वरूपाचा आहे.

शारीरिक व वैद्यकीय घटक : वाढत्या वयाबरोबर वहनमार्गात तंतुमय ऊतक वाढते व पी-आर अंतर लांबते. उंच व स्थूल व्यक्तींतही ते सरासरीने अधिक असते. बालपणी मुलगे व मुली यांच्या दुरुस्त क्यू-टी अंतरात विशेष फरक नसतो. वयात आल्यावर मुलग्यांचे अंतर टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनाच्या प्रभावाने आखूड होते, त्यामुळे प्रौढ स्त्रियांचे अंतर पुरुषांपेक्षा सु. १० ते २० मिलिसेकंदांनी अधिक आढळते. कृश व्यक्तींत छातीची भिंत पातळ असल्याने तरंग उंच दिसतात, तर स्थूलता व फुप्फुसांचा वातविस्फार यांमध्ये ते ठेंगणे दिसतात.

हृद्‌गतीवर स्वायत्त तंत्रिका तंत्राचे नियंत्रण असते. प्राणेशा तंत्रिकेचा प्रभाव गती मंद करतो व अलिंद-निलय गाठीतील वहन लांबवितो, तर अनुकंपी तंत्रिकांचा प्रभाव याउलट असतो. दीर्घकाळ व्यायाम करणाऱ्या धावपटूंत मिनिटास ४० ते ५० इतकी मंद गती व काहीसे दीर्घ पी-आर अंतर ही सुदृढतेची लक्षणे असू शकतात. तोच आलेख चक्कर येणाऱ्या वृद्धाचा असल्यास मात्र गतिनियामक गाठीच्या किंवा वहनमार्गाच्या ऱ्हासाची शंका घ्यावी लागते.

रक्तातील लवणांचा परिणाम तात्काळ होतो. पोटॅशियम वाढल्यास टी तरंग उंच व निमुळता होतो आणि पुढे क्यूआरएस रुंदावतो. ते घटल्यास टी तरंग चपटा होऊन त्यामागे ‘यू’ हा जादा तरंग ठळक दिसू लागतो. कॅल्शियम घटले असता क्यू-टी अंतर लांबते व वाढले असता आखडते. अवटू ग्रंथीचा स्राव वाढला की हृद्‌गती वाढते आणि उतारवयात अलिंद तंतुकंपनाचा धोका संभवतो. स्राव घटल्यास गती मंदावते व तरंग ठेंगणे होतात. दीर्घकालीन अतिरक्तदाबात डाव्या निलयाची भिंत जाड होऊन क्यूआरएसची उंची वाढते. सोकोलो व लायन यांनी १९४९ मध्ये सुचविलेली कसोटी तिच्यावरच आधारलेली आहे. मधुमेहात स्वायत्त तंत्रिकांना इजा पोहोचल्यास विश्रांतीतील गती वाढते आणि क्यू-टी अंतर लांबू शकते. संधिज्वरामुळे द्विदली झडप अरुंद झाली असता डाव्या अलिंदावर ताण येऊन पी तरंग रुंद व द्विशिखरी होतो.

औषधांचा परिणाम विशेष लक्षणीय आहे. काही औषधे केसीएनएच२ जीनाच्या पोटॅशियम मार्गात अडथळा आणून पुनर्ध्रुवण लांबवितात. त्यांत क्विनिडीन, एरिथ्रोमायसीन, हॅलोपेरिडॉल, मेथाडोन व क्लोरोक्वीन यांचा समावेश होतो. पुनर्ध्रुवण फार लांबल्यास निलयांत अतिजलद अनियमित स्पंदन सुरू होऊ शकते. त्यात क्यूआरएसची टोके आसाभोवती पीळ घेत असल्यासारखी दिसतात. फ्रांस्वा देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. अधिहर्षतेवर सर्रास दिले जाणारे टर्फेनाडीन हे औषध याच कारणाने १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. २००५ पासून नव्या औषधांची क्यू-टी अंतरावरील परिणामासाठी काटेकोर परीक्षा घेण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तीत सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आसपासची वाढही दुर्लक्षणीय मानली जात नाही.

याखेरीज मापनातील दोषही विसरून चालत नाही. विद्युत् अग्रे चुकीच्या जागी लावली गेली किंवा टी तरंगाचा शेवट अस्पष्ट असला, तर आकडा बदलतो. एकाच व्यक्तीचे क्यू-टी अंतर दिवसाच्या निरनिराळ्या वेळी काही मिलिसेकंदांनी कमी-अधिक भरते.

दोन्ही घटकांचा संयोग : पुनर्ध्रुवण घडवून आणणारे आयनमार्ग एकाहून अधिक असल्यामुळे एक मार्ग दुर्बल झाला, तरी इतर मार्ग ती उणीव भरून काढतात. या सामर्थ्याला ‘पुनर्ध्रुवणाची राखीव क्षमता’ म्हणतात. अल्पप्रभावी जीनभेदांनी ही क्षमता मुळातच घटलेली असली, तरी नेहमीच्या परिस्थितीत व्यक्तीचा आलेख प्राकृत मर्यादेतच राहतो. अशा व्यक्तीला अतिसाराने पोटॅशियमाची न्यूनता झाली, त्यातच क्यू-टी लांबविणारे प्रतिजैविक औषध दिले गेले आणि ती व्यक्ती स्त्री असली, तर प्रत्येकी किरकोळ असलेली कारणे एकत्र येऊन धोक्याची पातळी ओलांडली जाते. टर्फेनाडीन घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनाच अपाय झाला, याचे कारणही हेच होय. ज्यांच्या यकृतातील औषधाचे विघटन दुसऱ्या एखाद्या औषधाने रोखले गेले किंवा ज्यांची राखीव क्षमता कमी होती, त्यांना विशेष धोका होता. ब्रुगादा लक्षणसमूहातही एरवी निर्दोष दिसणारा आलेख तापात उघडपणे विकृत होऊ शकतो.

याउलट प्रबळ जीनदोषाचा परिणामही अल्पप्रभावी भेदांनी बदलतो. दक्षिण आफ्रिकेतील एका मूळ पूर्वजापासून उतरलेल्या अनेक कुटुंबांत केसीएनक्यू१ जीनाचा एकच दोष आढळतो. तरीही त्यांतील काही व्यक्तींना लहानपणी मूर्च्छा वा मृत्यू आला, तर काही वृद्धापकाळापर्यंत निर्वेध जगल्या. एनओएस१एपी जीनाचे सामान्य भेद हा फरक पडण्याचे एक कारण असल्याचे २००९ मध्ये दाखविण्यात आले. यावरून केवळ जीनदोष सापडला म्हणून भवितव्य निश्चित होत नाही आणि केवळ आलेख प्राकृत आहे म्हणून धोका नाही, असेही म्हणता येत नाही.

वंशभेद व भारतीय लोक : या विषयाचे बहुतेक जनुकीय संशोधन यूरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. जीनभेदांचे प्रमाण व त्यांचे परस्परसंबंध वंशपरत्वे बदलत असल्याने ते निष्कर्ष जसेच्या तसे इतरत्र लावता येत नाहीत. पश्चिम लंडनमधील भारतीय उपखंडीय वंशाच्या रहिवाशांचा अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०१० मध्ये अशा ६,५४३ व्यक्तींच्या हृल्लेखांच्या परीक्षणातून एससीएन१०ए या सोडियम मार्गाच्या जीनाचा एक भेद पी-आर अंतर लांबवितो, हे निष्पन्न झाले. हृद्रोधाच्या संभवाशीही त्याचा संबंध आढळला. त्याच वर्षी यूरोपीय वंशाच्या लोकांतील स्वतंत्र अभ्यासांतही हाच जीन पुढे आला. गुणसूत्र क्र. ३ वर तो एससीएन५ए जीनाच्या शेजारी आहे. त्याच्यातील एक भाग या शेजारी जीनाच्या कार्याचे नियमन करतो, असे पुढील संशोधनात दिसून आले. भारतात राहणाऱ्या विविध समाजांतील असे मोठे अभ्यास झाल्याखेरीज येथील लोकांसाठी जनुकीय अनुमाने विश्वसनीय ठरणार नाहीत.

वैद्यकीय महत्त्व : लक्षणविरहित व्यक्तीत योगायोगाने आढळलेल्या फरकाचे महत्त्व किती मानावे, याविषयी मतभेद झाले आहेत. पी-आर अंतर २०० मिलिसेकंदांहून अधिक असणे, म्हणजे पहिल्या श्रेणीचा हृद्रोध, दीर्घकाळ निरुपद्रवी समजला जात असे. २००९ मध्ये फ्रेमिंगहॅम येथील ७,५७५ व्यक्तींच्या माहितीवरून असे अंतर असलेल्यांत पुढे अलिंद तंतुकंपन होण्याचा धोका सु. दुप्पट, कृत्रिम गतिकारक बसवावा लागण्याचा सु. तिप्पट व मृत्यूचा सु. १·४ पट असल्याचे निघाले. याउलट फिनलंडमधील १०,७८५ मध्यमवयीन व्यक्तींच्या सु. ३० वर्षांच्या पाठपुराव्यात (२०१४) मृत्यूच्या प्रमाणात वाढ दिसली नाही आणि दीर्घ अंतर असलेल्यांपैकी सु. ३० टक्क्यांचे अंतर पुढे प्राकृत झाले. वरवर विसंगत वाटणाऱ्या या निष्कर्षांचा मेळ घालता येतो. तरुण धावपटूतील प्राणेशा तंत्रिकेचा प्रभाव, वारशाने आलेले मंद वहन आणि रोगाने झालेला वहनमार्गाचा ऱ्हास या तिन्हींनी पी-आर अंतर लांबते. आकडा एक असला, तरी अर्थ तीन असतात. कोणत्या समाजात कोणते कारण अधिक, यावर सरासरी निष्कर्ष अवलंबून राहतो.

निरोगी व्यक्तींच्या आलेखातील आनुवंशिक फरक भावी विकाराचे सूचक असू शकतात, याचा पुरावा २०१३ मध्ये मिळाला. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींतून हृदयविकार, लवणांतील बिघाड व बाधक औषधे नसलेल्या ५,२७२ व्यक्ती निवडून त्यांच्या क्यूआरएस कालावधीचा अभ्यास झाला. त्यात एससीएन५ए व एससीएन१०ए जीनांच्या परिसरातील भेद महत्त्वाचे ठरले. त्यांपैकी एका भेदाचा याच निरोगी व्यक्तींना पुढे झालेल्या अलिंद तंतुकंपनाशी संबंध दिसला. तथापि असे संबंध समूहाला लागू पडतात. त्यांवरून एका व्यक्तीविषयी भाकीत करण्याची क्षमता मर्यादित आहे आणि सरसकट सर्व निरोगी लोकांची जनुकीय तपासणी करणे आज उचित मानले जात नाही.

व्यवहारात हृल्लेखाचे वाचन पुढील गोष्टींच्या आधारे करणे श्रेयस्कर ठरते. व्यक्तीचा पूर्वीचा आलेख उपलब्ध असल्यास त्याच्याशी तुलना करावी, कारण स्थिर फरक बहुधा वारशाचा वा शरीररचनेचा असतो, तर नवा फरक रोगाचा वा औषधाचा असण्याचा संभव अधिक असतो. चालू असलेल्या सर्व औषधांची चौकशी करावी व आवश्यक तर रक्तातील पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम तपासावे. यंत्राने छापलेले क्यू-टी अंतर संशयास्पद वाटल्यास ते हाताने मोजून पहावे आणि कोणते सूत्र वापरले, ते नोंदवावे. कुटुंबात कोणी तरुणपणी अकस्मात मृत्यू पावले काय, पोहताना, धावताना किंवा दचकल्यावर कोणास मूर्च्छा येते काय, फेफरे समजून केलेल्या उपचारांचा उपयोग होत नाही असे कोणी आहे काय, हे विचारावे. दीर्घ क्यू-टी लक्षणसमूहातील मूर्च्छा अनेकदा अपस्मार समजली जाते व खरा विकार दुर्लक्षित राहतो. प्रबळ जीनदोष निश्चित झाल्यास आई-वडील, भावंडे व अपत्ये यांची तपासणी अगत्याची असते. बीटा-रोधक औषधे, क्यू-टी लांबविणाऱ्या औषधांचा त्याग आणि निवडक रुग्णांत विद्युत् धक्का देऊन स्पंदन पूर्ववत करणाऱ्या उपकरणाचे रोपण यांनी अकस्मात मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळता येतात. विकार नसलेल्या नातेवाइकांना तसे निश्चितपणे सांगता येणे, हाही या तपासणीचा महत्त्वाचा लाभ होय.